लडाख स्वतःच्या गाडीने, आईसोबत: मुक्काम किती उंचीवर करायचा?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून स्वतःची १.२ लिटरची पेट्रोल गाडी. चौघं जण: नवरा, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि ६४ वर्षांची आई, तिला बीपीची गोळी सुरू. मेच्या शेवटी निघायचं. मनालीमार्गे वर चढायचं, दुसरा मुक्काम सरचूला, मग लेहला एक रात्र, दुसऱ्या दिवशी पँगाँग सरोवर, पुढे उमलिंग ला (ला म्हणजे खिंड), त्सो मोरिरी सरोवर, नुब्रा खोरं आणि श्रीनगरमार्गे परत. सगळं मिळून १५ दिवस. "गाडी चढेल का, आणि आईला झेपेल का?"

गाडी चढेल. आईलाही झेपेल, पण या क्रमाने नाही. चौदा हंगाम मी या रस्त्यांवर माणसं नेतोय. पाहिलेल्या सहलींपैकी ज्या बिघडल्या, त्या खिंडींमुळे फार कमी बिघडल्या. बिघडल्या त्या चुकीच्या ठिकाणी झोपल्यामुळे.

लोक खिंडीच्या उंचीला घाबरतात. चांग ला ५,३६० मीटर म्हटलं की पोटात गोळा येतो. पण खिंडीत तुम्ही वीस मिनिटं असता. फोटो काढता, चहा पिता, उतरता. तेवढ्यात शरीराला फार काही कळत नाही. खरी परीक्षा असते ती आठ तास पडून राहता त्या जागेची, कारण झोपेत श्वास उथळ होतो आणि रक्तातला प्राणवायू दिवसापेक्षा खाली जातो. म्हणून ३,००० मीटरच्या वर गेलं की डॉक्टरमंडळींचा ठोकताळा मुक्कामाच्या उंचीचा असतो: रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढा. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लेह ३,५००. तिथे हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या पासष्ट टक्क्यांच्या आसपास भरतो, आणि चांग ला किंवा खारदुंग लावर जवळजवळ निम्मा.

आता तुमचा सरचूचा मुक्काम पाहा. सरचू ४,२९० मीटरवर. आदल्या रात्री तुम्ही मनालीत २,००० मीटरच्या आसपास झोपलेले. म्हणजे एका दिवसात सव्वादोन हजार मीटरची उडी! त्याहून वाईट म्हणजे सरचू हा पिंजरा आहे. मागे बारालाचा ला (४,८९० मीटर), पुढे नकी ला आणि ५,००० च्या वरचा लाचुलुंग ला. रात्री कुणाला त्रास झाला तर एकच खरा उपाय असतो, खाली उतरणं. आणि सरचूहून खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं.

हे मी एकदा केलंय, आणि पुन्हा करायची इच्छा नाही. बरोबर कोल्हापूरचा पस्तिशीचा मुलगा होता, रोज तालमीत जाणारा. संध्याकाळी म्हणाला, डोकं जड झालंय. जेवला नाही. रात्री दोन वाजता त्याच्या तंबूतल्या मित्राने उठवलं: दोनदा उलटी झाली होती आणि तो बुटाची नाडी बांधायचा प्रयत्न करत होता, बांधता येत नव्हती. हेडलाइटच्या उजेडात सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालायला सांगितलं, तर तिसऱ्या पावलाला तो कलला. मग विचार करायचं काही उरत नाही. तीन वाजता गाडी काढली, सिलिंडर त्याच्या मांडीवर, आणि बारालाचा चढून पलीकडे दारचा गावाकडे उतरायला लागलो. तो वरचा पाऊण तास मला अजून आठवतो. दारच्याच्या जरा वर उजाडलं तेव्हा त्याने विचारलं, "आपण कुठे आहोत?" त्याचा आवाज पुन्हा माणसासारखा झाला होता. अंगातली ताकद आणि हा त्रास यांचा संबंध नाही, हे मी त्या रात्रीपासून सगळ्यांना सांगतो. तालमीतल्याला होतो, शेजारच्या आजीला होत नाही. आधी कुणालाच सांगता येत नाही.

तर पहिला बदल: वर चढायचं ते श्रीनगरकडून, आणि उतरायचं मनालीकडून. तुमचा आराखडा अख्खा उलटा करा. श्रीनगर १,५८५ मीटर, सोनमर्ग २,७०० च्या आसपास, कारगिल २,६७६, मग लेह ३,५००. ही पायऱ्यांची चढण आहे. मधली खिंड झोजिला ३,५२८ मीटरची आणि सर्वांत उंच फोटू ला ४,१०८ मीटरची, पण दोन्ही दिवसा पार होतात आणि रात्री आपण खालीच असतो. सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ पासून खुला झालाय, त्यामुळे सोनमर्गपर्यंत काही प्रश्न नाही. पुढे झोजिलाचा मोठा बोगदा पूर्ण होईपर्यंत जुनी खिंडच. जूनच्या सुरुवातीला तिथे बर्फाच्या भिंती, त्यांचं वितळलेलं पाणी आणि चिखल. वाहतूक बऱ्याचदा ठरावीक वेळेला एकाच दिशेने सोडतात. वेळ सोनमर्गलाच विचारा आणि त्या वेळेच्या अर्धा तास आधी रांगेत लागा.

दुसरा बदल तारखांचा. मेच्या शेवटी मनालीचा रस्ता नुकताच उघडलेला असतो किंवा उघडायचा असतो, आणि त्सो मोरिरीला रात्री पाणी गोठतं. २ जूनला निघा, २० ला परत या. मुलीची शाळा चार दिवस बुडेल. बुडू द्या.

तिसरा बदल तुम्हाला आवडणार नाही: उमलिंग ला काढून टाका. जवळजवळ ५,८०० मीटर, २०२५ पर्यंत जगातला सर्वांत उंच वाहनरस्ता, फलकासमोर फोटो, सगळं खरं. पण त्यासाठी हानलेला मुक्काम आणि दोन दिवस खर्च होतात, आणि आईला तिथे नेण्यात मला काहीही अर्थ दिसत नाही. हानले सुंदर आहे, २०२२ पासून तिथे तारे बघण्यासाठी अंधार राखून ठेवलेला प्रदेश आहे, भारतीय दुर्बीणही आहे. पण ते पुढच्या वेळी, दोघांनीच जाऊन.

आई आणि मुलीला पुण्यापासून गाडीत बसवूच नका. सव्वादोन हजार किलोमीटर मैदानी उन्हात गेल्यावर माणूस डोंगराच्या पायथ्याशीच दमलेला पोचतो. तुम्ही एखाद्या मित्राला घेऊन चार दिवसांत श्रीनगर गाठा, मित्राला तिथून परत पाठवा. घरची मंडळी विमानाने श्रीनगरला. लेहला नाही, श्रीनगरला. थेट विमानाने लेहला उतरणं म्हणजे काही तासांत पुण्याच्या ५६० मीटरवरून ३,५०० वर, आणि पहिले दोन दिवस खोलीत पडून काढायचे.

आता रात्री मांडतो. ५ जूनला श्रीनगर, ६ ला सोनमर्ग, ७ ला कारगिल. वाटेत द्रासला तोलोलिंगच्या पायथ्याशी युद्धस्मारक आहे, तिथे तासभर ठेवा. ८, ९, १० लेह. कारगिल-लेहच्या दिवशी लामायुरूला थांबा. गोंपाखालची (गोंपा म्हणजे बौद्ध मठ) ती पिवळट, चुरगळलेल्या कागदासारखी माती जुन्या सरोवराच्या तळाचा गाळ आहे. सरोवर कधीच वाहून गेलं, तळ उरला. पुढे जी सरोवरं बघणार आहात त्यांच्याकडे मग जरा वेगळ्या नजरेने बघाल. लेहला पहिला अख्खा दिवस काही करू नका. दुसऱ्या दिवशी जवळपासचे गोंपा, बाजार. ११ ला नुब्रात हुंदर, जे ३,१०० मीटरच्या आसपास म्हणजे लेहपेक्षा खाली आहे. खारदुंग ला ओलांडून जाता, पण झोपता खाली. आईसाठी ही विश्रांतीची रात्र.

१२ ला तांगत्से. हे नाव कुणाच्या पॅकेजात नसतं. सगळे हुंदरहून श्योक नदीच्या काठाने सरळ पँगाँगवर जातात, ३,१०० वरून ४,२०० च्या वर. तांगत्से मधे आहे, साधारण ३,९००. साधं गाव, घरगुती मुक्काम मिळतो. दवाखाना आहे. पाणवठ्याकाठच्या गवतात संध्याकाळी आईला बसवा. १३ ला पहाटे निघून तासाभरात पँगाँग, दिवसभर सरोवर, रात्री मेराकला. १४ आणि १५ त्सो मोरिरीकाठी कोरझोकला. १६ ला उतरून जिस्पा (३,२०० मीटर), तिथून अटल बोगद्यातून मनाली बाजूला ठेवून घर.

पँगाँगबद्दल एक मत. स्पांगमिकचा किनारा आता तंबूंनी आणि खुर्च्यांनी भरलाय. चित्रपटात दिसल्यापासून तिथे सरोवरापेक्षा सरोवरासमोरची माणसं जास्त दिसतात. तिथे न थांबता पुढे चला. मान, मग मेराक. रस्ता पाण्याच्या अगदी कडेने जातो, गर्दी मागे पडते आणि गावकऱ्यांच्या घरात खोली मिळते. १३४ किलोमीटर लांबीच्या या सरोवराचा तिसराएक भाग आपल्याकडे. पाणी खारट, कारण ओढे आत येतात, बाहेर कुठेच जात नाहीत. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. रंगाचं विचाराल तर सकाळी सात ते दहा. तेव्हा पाणी आरशासारखं, डोंगर त्यात उलटा. बाराच्या पुढे वारा सुटतो, लाटा येतात, निळा रंग गडद होतो, आणि आईला गाडीतून उतरवत नाही. म्हणून तांगत्सेहून पहाटे निघायचं सांगितलं. काठावर लठ्ठ मार्मोट दिसतील, मुलगी बिस्किटं द्यायला धावेल. देऊ नका, त्यांना ती सोसत नाहीत. आणि डिसेंबर २०२४ मध्ये लष्कराने सरोवराकाठी शिवाजी महाराजांचा पुतळा उभारलाय. पुण्यातून आलेला माणूस तिथे न थांबता पुढे जाईल असं वाटत नाही, पण आईला टोपी-मफलर घालूनच उतरवा.

मेराकहून चुशुल, रेझांग ला स्मारक, मग न्योमा, माहे पूल आणि कोरझोक. रेझांग लाला १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊं या पलटणीची एक तुकडी मेजर शैतान सिंह यांच्यासह शेवटच्या गोळीपर्यंत लढली. ते मैदान डोळ्यांनी बघितलं की त्या थंडीचा अंदाज येतो. मेराक-चुशुल पट्ट्यात रस्ता काही ठिकाणी कच्चा आहे. या सीमेजवळच्या भागाच्या परवानगीचे नियम बदलत असतात, तेव्हा लेहच्या तीन दिवसांत चौकशी करून कागद हातात घ्या, आणि ओळखपत्रांच्या आठ-दहा झेरॉक्स गाडीत ठेवा. परवानगी नसेल तर पँगाँगहून तांगत्से, चांग ला, कारू आणि तिथून सिंधूकाठाने चुमाथांगमार्गे कोरझोक. लांब पडतं, पण रस्ता चांगला.

त्सो मोरिरी माझं लाडकं, हे लपवत नाही. ४,५२२ मीटरवर, पँगाँगपेक्षा लहान. लांबी २६ किलोमीटर. कोरझोक गाव पश्चिम काठावर, गोंपा, चांगपा मेंढपाळांची वस्ती, पश्मिना देणाऱ्या शेळ्या. समोर पूर्वेला चामसेर आणि लुंगसेर ही साडेसहा हजार मीटरच्या वरची शिखरं. दोन रात्री यासाठी सांगतो की पहिली रात्र झोप लागणार नाही, दुसरी लागेल. आणि मधल्या सकाळी गावाबाहेरच्या दलदलीच्या कडेला गाडी लावून काच खाली करून गप्प बसा. जूनमध्ये पट्टकादंब हंस तिथे घरटी करतात. जायकवाडीला हिवाळ्यात येतात तेच. आणि चक्रवाक. भिगवणला होडीतून लांबवर तांबूस ठिपका दिसतो तो पक्षी इथे दहा-बारा पावलांवर, मागे पिल्लांची रांग घेऊन. माझ्याबरोबर एकदा बारामतीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हे आपल्याकडे सुट्टीला येतात होय!" काळ्या मानेचा क्रौंचही दिसू शकतो, पण त्याच्या मागे चालत जाऊ नका, अंडी सोडून उठतो.

आता आईचं. बीपीची गोळी चालू असताना उंचीवर जाता येतं, पण कोणती गोळी, ते महत्त्वाचं. उंचीच्या त्रासावरची गोळी डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलामाइड, ती लघवी वाढवते. बीपीच्या औषधात आधीच लघवीचं औषध असेल तर डॉक्टरांनी ठरवायचं. सल्फाची अॅलर्जी असेल तर विशेष सांभाळायचं. प्रतिबंधासाठी मोठ्यांना बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण हे वाचून औषधाच्या दुकानात जाऊ नका, तिच्या डॉक्टरांकडे जा. बोटांत मुंग्या येतील, सोडा बेचव लागेल, हे त्या गोळीचं नेहमीचं. घरचं बीपी मोजायचं यंत्र बरोबर ठेवा, पहिल्या आठवड्यात आकडा थोडा वर जाऊ शकतो.

ऑक्सिमीटर घ्या, पण त्याचे गुलाम होऊ नका. लेहला ८५ ते ९० दिसलं म्हणून कुणी मरत नाही. पुण्यात ९८ बघायची सवय असते म्हणून लोक घाबरतात. माणूस कसा आहे ते बघा. डोकं दुखतंय पण जेवतोय, बोलतोय, तर विश्रांती. बसल्या जागी धाप, खोकला, छातीत घरघर, किंवा बोलण्यात गोंधळ, चालताना तोल, उगाच चिडचिड: तेव्हा उजाडायची वाट बघू नका, खाली. म्हणूनच प्रत्येक मुक्कामाला "खाली कुठे?" हे आधी ठरवायचं. मेराकहून खाली तांगत्से, मधे खिंड नाही. कोरझोकहून खाली सिंधूकाठी चुमाथांग, ४,००० च्या आसपास, वाटेत एक चढ आहे पण सरचूसारखा पिंजरा नाही. लेहला एसएनएम रुग्णालयात उंचीच्या त्रासाची रोजची सवय आहे.

पत्र्याच्या डब्यातले फुसफुस ऑक्सिजन विकत घेऊ नका. दोन-चार मिनिटांत संपतात, धीर तेवढा मिळतो. लेहमधून भाड्याने खरा सिलिंडर आणि मास्क घ्या. दारू नाही, झोपेची गोळी नाही.

आणि पाणी. दिवसाला तीन लिटर सांगतात सगळे, पण बायका पीत नाहीत, कारण पन्नास-पन्नास किलोमीटर आडोसा नसतो. आई बोलणार नाही, गुपचूप घोट कमी करेल आणि संध्याकाळी डोकं धरून बसेल. यावर उपाय साधा: घडीचा छोटा एकाखणी तंबू गाडीत ठेवा, ते नसेल तर मोठी छत्री आणि जुनी साडी. रस्त्याच्या वळणाआड दोन मिनिटांचं काम. हे मी बायकांच्या गटाकडून शिकलो. पहिली चार-पाच वर्षं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गाडीकडे येतो. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. चांग लावर तुमची गाडी निम्म्यापेक्षा थोडी जास्त उरलेली असेल. चढते, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरला आणि गती न तोडता. वाट लागते ती क्लचची. चार माणसं, कॅरिअरवर बॅगा, वळणावर समोरून ट्रक, तुम्ही थांबता आणि हाफ क्लचवर गाडी धरून ठेवता. जळका वास आला की समजा. एका हंगामात माझ्या गटातल्या एका गाडीचा क्लच याच कारणाने खिंडीच्या अलीकडे गेला, आणि नवा सेट येईपर्यंत तीन दिवस आम्ही एका ढाब्यावर राजमा खात होतो. थांबायचं तर हँडब्रेक लावून पूर्ण थांबा, निघायचं तर पहिल्यात ठामपणे निघा. कॅरिअर काढून टाकता आलं तर उत्तम. निघण्यापूर्वी क्लच प्लेट निम्म्याहून जास्त झिजली असेल तर पुण्यातच बदला.

उतारावर न्यूट्रल कधीच नाही. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. वरंधा उतरताना करता तेच, फक्त इथे उतार तासभर चालतो आणि ब्रेक तापून पाय खाली जायला लागतो. चढणाऱ्याला आधी वाट द्या. लष्कराचा ताफा आला तर बाजूला घ्या आणि सगळ्या गाड्या जाईपर्यंत तिथेच राहा.

टायरच्या हवेचा एक गमतीदार हिशेब आहे. बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून बंद टायरमधला दाब मापकावर वाढलेला दिसतो, पुणे ते चांग ला सहाएक पीएसआय. पण थंडीने त्यातले तीन-चार परत खाली येतात. त्यामुळे खिंडीत कुणी "हवा सोडा, टायर फुटेल" म्हणून घाबरवलं तर ऐकू नका. लेहला सकाळी थंड टायरवर मोजा आणि कंपनीने सांगितल्याइतकी ठेवा. चिप्सची पाकिटं मात्र फुगून टम्म होतात, मुलीला ती दाखवा.

पेट्रोल हा या फेरीतला खरा अडसर. नुब्रातल्या दिस्कितला टाकी भरली की पुढे श्योक, पँगाँग, चुशुल, कोरझोक, त्सो कार, सरचू आणि पुढचा पंप थेट तांडीला. हे अंतर सातशे ते साडेसातशे किलोमीटर. मधे कुठे पंप सुरू झाला असेल तर चांगलंच, हिशेबात धरू नका. खालच्या गिअरमध्ये लिटरला १२ धरा, म्हणजे ५८ ते ६३ लिटर लागणार. तुमच्या टाकीत फार तर ४० ते ४५. उरलेले २०-२५ लिटर धातूच्या दोन कॅनमध्ये, पूर्ण न भरता, कारण उंचीवर वाफेने कॅन फुगतो. गाडीत आईशेजारी नाही, डिकीत, आणि मेराकला पोचल्यावर पहिलं काम म्हणजे कॅन टाकीत रिकामे करायचे. पेट्रोलच्या वासाने ज्याचं डोकं दुखतं त्याला विरळ हवेचं दुखणं वेगळं ओळखता येत नाही.

ओढे. वर बर्फ वितळतो तो उन्हाने, म्हणून सकाळी आठला जिथे घोटाभर पाणी असतं तिथे दुपारी चारला गुडघाभर. २०१३ मध्ये झिंगझिंगबारच्या अलीकडे मी साडेचारला पोचलो, पाणी दाराच्या पट्टीला लागत होतं. मागचा जीपवाला म्हणाला, "निकल जाएगी." निघाली नसती. रात्र गाडीत काढली, सकाळी सहाला त्याच ओढ्यातून चाकं अर्धीही न भिजता गेलो. १६ तारखेला तुम्हाला याच बाजूने उतरायचंय, तेव्हा कोरझोकहून पहाटे पाचला निघा. त्सो कारच्या काठाचं पांढरं मीठ बघायला दहा मिनिटं थांबा, चांगपा लोक पूर्वी ते गोळा करून विकायला नेत. मोरे मैदानात रस्ता सरळ आणि गुळगुळीत, तिथे झोप येते, तेव्हा गाडी बायकोकडे द्या. गाटा लूप्सची २१ वळणं उतरला की सरचू. दुपारचे दोन वाजले असतील तर पुढे, चार वाजले असतील तर सरचूलाच राहा. हो, तेच सरचू. दहा दिवसांनी शरीर तयार झालेलं असतं, आणि तुम्ही ४,५२२ वरून खाली आलेले असता.

किरकोळ: बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड करा. रोख बाळगा. भाड्याच्या सेल्फ ड्राइव्ह गाडीला लेहमध्ये आत फिरू देत नाहीत, तुमची स्वतःची पांढऱ्या नंबरप्लेटची आहे म्हणून प्रश्न नाही. छोटा कुकर न्या, कारण लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही. मेतकूट-भात आणि तूप, उंचीवर याच्याइतकं पोटाला सोसणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. तळलेलं टाळा. सकाळी खंबीर नावाचा लडाखी पाव आणि जर्दाळूचा जाम घरमालकीण देईल, बटरचहा आईला बहुधा आवडणार नाही, पण वाटी नाकारू नका, अर्धी प्या.

हॉटेलं आत्ताच आगाऊ पैसे भरून ठरवू नका. आधी आईच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन तिच्या डॉक्टरांकडे जा, आणि ही रात्रींची उंची त्यांना वाचून दाखवा: २,७००, २,७००, ३,५०० तीन वेळा, ३,१००, ३,९००, ४,२०० च्या वर, ४,५०० दोन वेळा, ३,२००. ते "चालेल" म्हणाले की मग खोल्या. "कोरझोक नको" म्हणाले तर पँगाँगपर्यंत जा, तांगत्सेमार्गे लेहला परत या आणि ज्या रस्त्याने आलात त्याच रस्त्याने, श्रीनगरवरून, उतरा. मग पेट्रोलचे कॅनही लागत नाहीत.